१३० ते ७७५: लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या डीसी मोटरींचं परीक्षण

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो. पाटीवर नाव तेच असलं तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव इथल्या लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. इथल्या गाळ्यांत काचेखाली, बरण्यांत, प्लास्टिकच्या पिशव्यांत ब्रशवाल्या डीसी मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या, घासणाऱ्या टोकांतून आत वीज घेणाऱ्या) सुट्या मिळतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘१३० द्या’, ‘७७५ दाखवा’. विकणारा विचारतो, ‘भाऊ, कितने वोल्ट का?’ आणि निम्मी गिऱ्हाइकं तिथेच अडतात, कारण त्यांना वाटत असतं की १३० म्हटलं म्हणजे सगळं सांगून झालं.

हे परीक्षण मालाचं आहे, दुकानाचं नाही. शाळेचं प्रदर्शन, लाइन फॉलोअर (रेघेवरून धावणारी छोटी गाडी), पीसीबीला (सर्किटच्या पट्टीला) भोकं पाडायचं ड्रिल, छोटा पंप, गणपतीच्या मखरातलं फिरतं चक्र अशा कामांसाठी कुठली मोटर घ्यावी आणि कुठली बरणीतच राहू द्यावी, एवढंच पाहायचं आहे.

हा आकडा मोटरीच्या डब्याचा. तो व्होल्ट सांगत नाही, आरपीएम (मिनिटाचे फेरे) सांगत नाही आणि मिलिमीटरही नाही. ही पद्धत जपानच्या माबुची कंपनीची. बाकीच्यांनी तीच उचलली आणि आता नक्कल मालावरही तेच आकडे असतात. माबुचीचं पूर्ण नाव वाचता आलं तर बरंच काही उलगडतं. उदाहरणार्थ एफए-१३०आरए-२२७०. पहिलं अक्षर डब्याचा आकार सांगतं: एफ म्हणजे दोन बाजूंनी चपटा, आर म्हणजे गोल. दुसरं अक्षर ब्रशचं: ए किंवा ई असेल तर धातूच्या पट्टीचे ब्रश, एस असेल तर कार्बन. मधला आकडा माप. आणि शेवटचा आकडा, ज्याकडे कुणी पाहत नाही, तोच सगळ्यांत कामाचा: २२७० म्हणजे ०.२२ मिमी जाडीच्या तारेचे ७० वेढे.

याच १३० ची दुसरी बहीण १८१००, म्हणजे ०.१८ मिमी तार, १०० वेढे. बाहेरून दोघी सारख्या, हातात घेऊन कुणालाही फरक सांगता येणार नाही. पण पहिली १.५ व्होल्टवर मोकळी सुमारे ९,१०० फेरे घेते आणि अडवली तर २.२ अँपिअर ओढते. दुसरी ३ व्होल्टवर सुमारे १२,३०० फेरे घेते आणि अडवल्यावर जवळपास २.१ अँपिअर. म्हणजे एका व्होल्टला पहिलीचे सहा हजार फेरे, दुसरीचे चार हजार. वेढे वाढले की वेग त्याच प्रमाणात उतरतो. रोधाचंही तसंच आहे. पहिलीचा सुमारे ०.७ ओहम, दुसरीचा १.४, तार लांब झाली आणि वर बारीकही झाली, म्हणून दुप्पट. पहिली मोटर दुसरी समजून ३ व्होल्टवर लावली, तर अडकल्यावर ती सव्वाचार अँपिअरच्या पुढे मागते. दोन पेन्सिल सेल तेवढं देऊ शकत नाहीत. मोटर नुसती गुरगुरते आणि दोष बिचाऱ्या सेलवर जातो.

लॅमिंग्टन रोडवरच्या बहुतेक १३० वर हा शेवटचा आकडा नसतोच. नुसता चकचकीत डबा असतो. त्यामुळे तार ओळखायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. त्याची रीत पुढे आहे.

१३० आणि तिचे गिअरवाले अवतार

१३० चा डबा गोल बाजूने २० मिमी, चपट्या बाजूने १५ मिमी, लांबी २५ मिमी, शाफ्ट (फिरणारा दांडा) २ मिमी. वजन १७ ग्रॅमच्या आसपास. किंमत चहा-वडापावची. छोटा पंखा, पाण्यातली होडी, रबरबँडवर फिरणारं काहीतरी, एवढ्याला ती उत्तम आहे. चाक थेट शाफ्टवर बसवून गाडी चालवायला बघाल तर ती जागची हलणार नाही, कारण अडवलेल्या शाफ्टवर तिचा जोर २५ ते ३५ ग्रॅम-सेंटिमीटर एवढाच, आणि तोही एक-दोन सेकंद. त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच भार सतत टाकायचा. मोटर मोकळ्या वेगाच्या पाऊण ते ऐंशी टक्क्यांवर फिरत असेल तेव्हा ती खरी खूश असते. निम्म्यावर आली की ताकद सगळ्यांत जास्त देते, पण तापते.

तिच्या ब्रशच्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात. कमी व्होल्टवर त्या चांगल्या, घर्षण कमी. पण ९-१२ व्होल्ट दिले की ठिणग्या पडतात, पट्टीला खळगा पडतो, कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या गोल भागाच्या) फटींत काळी भुकटी भरते आणि मोटर बोटाने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. या अवस्थेत पोचलेली १३० दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

पिवळ्या प्लास्टिकच्या खोक्यातली ‘बीओ मोटर’ म्हणजे हीच १३०, पुढे गिअर लावलेली. बीओ म्हणजे बॅटरीवर चालणारी, बस्स. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा रोबो बहुतेक हिच्यावरच चालतो. पाकिटावर ३ ते १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यातला १२ विसरून जा. ही ४.५ ते ६ व्होल्टची मोटर आहे, आणि दोन १८६५० मापाचे लिथियम सेल भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात तेही हिला जास्तच. तेवढ्यावर चालवायचीच असेल तर पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी करायची रीत) सत्तर टक्क्यांच्या वर नेऊ नका.

फेऱ्यांची निवड मात्र नीट करा. सोबत मिळणारं पिवळं चाक ६५ मिमी व्यासाचं, म्हणजे परीघ २०४ मिमी. १०० आरपीएमवर गाडी सेकंदाला ३४ सेंमी जाते, २०० वर ६८, ३०० वर एक मीटर. लाइन फॉलोअरला १०० ते २०० पुरे. ३०० घेणाऱ्यांची गाडी वळणावर हमखास रेघ सोडते, आणि त्यातून कमी वेगावर तिला जोरही राहत नाही. चढाचा हिशोबही करून टाका: एक किलोची गाडी १५ अंशांच्या उतारावर चढवायला सुमारे २.५ न्यूटन लागतात. साडेबत्तीस मिमी त्रिज्येच्या चाकावर ते ०.८४ किलो-सेंमी झाले, दोन मोटरींत वाटले तर प्रत्येकी ०.४२. पाकिटावरचा आकडा अडवलेल्या शाफ्टचा असतो, म्हणून गरजेच्या तिप्पट-चौपट आकडा लिहिलेली मोटर घ्या.

बीओत बिघडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, मागचे तांब्याचे पत्रे. वायर दोनदा वाकली की पत्रा मुळापासून तुटतो आणि मोटर कचऱ्यात जाते. सोल्डरचा डाग दिल्यावर लगेच त्यावर ग्लूगनचा गोळा टाका आणि वायर प्लास्टिकच्या पट्टीखालून काढा. दुसरी, प्लास्टिकचे गिअर. गाडी हाताने मागेपुढे ढकलणं हा पोरांचा आवडता उद्योग, त्यात दात उडतात. तिसरी, चाकाचं भोक सैल होणं. शाफ्टला दोन बाजूंनी सपाटी आहे, पण प्लास्टिकवर प्लास्टिक किती दिवस टिकणार? चाकाच्या मधल्या भोकातून शाफ्टमध्ये छोटा स्क्रू मारला की हा प्रश्न मिटतो. एवढं सगळं असूनही पहिल्या प्रोजेक्टला हिच्याइतकी सोयीची वस्तू बाजारात नाही. दोन लागत असतील तर तीन घ्या.

तीन का? एकाच पिशवीतल्या दोन मोटरींचा वेग सारखा निघत नाही. तिघींतून जवळच्या दोन निवडायच्या. शिवाय गाडीत एक मोटर सुलट आणि एक उलट बसते, म्हणजे एक घड्याळाच्या दिशेने फिरते आणि दुसरी विरुद्ध. ब्रश नेमके मध्यावर नसतील तर एकाच मोटरीचा दोन दिशांचा वेग वेगळा येतो आणि गाडी सरळ जाता जाता एका बाजूला ओढते. मोकळ्या मोटरीचा करंट दोन्ही दिशांनी मोजा. फरक दहा टक्क्यांच्या वर असला तर ती मोटर पंख्याला ठेवा. कॉर्डलेस ड्रिलमधून काढलेल्या ५५० मध्ये तर बऱ्याचदा ब्रश मुद्दाम एका दिशेला सरकवलेले असतात.

एन-२० ही गिअरवाली मोटर वेगळ्या जातकुळीची. छेद १२ गुणिले १० मिमी, गिअरपेटी ९ मिमी, धातूचे गिअर, ३ मिमीचा डी आकाराचा शाफ्ट. बीओच्या काही पट किंमत पडते आणि ती वसूल होते. ६ व्होल्टची आणि १२ व्होल्टची अशा दोन्ही मिळतात, दिसायला सारख्याच, आणि पिशवीत मिसळलेल्याही असतात. ४३ मिमीच्या चाकाबरोबर ५०० आरपीएमची एन-२० लावली तर वेग सेकंदाला सुमारे ११३ सेंमी भरतो. शर्यतीच्या लाइन फॉलोअरला हा मेळ चांगला बसतो. हिची दुखरी जागा म्हणजे गिअरपेटी उघडी असते. चटईचा धागा किंवा डोक्याचा केस आत गेला की अडकली. आणि गिअरवर ग्रीस लावताना ते मोटरीच्या बाजूला सरकू देऊ नका. कम्युटेटरवर तेलकटपणा गेला की मोटर आचके देऊ लागते.

मधली मापं, ज्यांत पैसे वाया जातात

१४० म्हणजे गोल १३०. २६० आणि २८० साधारण २४ मिमी व्यासाच्या, अनुक्रमे २७ आणि साडेतीस मिमी लांबीच्या, शाफ्ट २ मिमी. १३० पेक्षा थोड्या दणकट, पण तयार चाकं, तयार गिअरपेट्या, तयार क्लॅम्प सगळे १३० साठी निघतात. म्हणून हौशी कामात यांची फारशी गरज पडत नाही. जुन्या सीडी प्लेअरमधली ३०० वर्गाची चपटी मोटर (व्यास २४, जाडी सुमारे १२ मिमी) मात्र जपून ठेवा: करंट अगदी कमी घेते, सौर पट्टीवर फिरणाऱ्या खेळण्याला तिच्यासारखी दुसरी नाही.

मग ३७०, ३८०, ३८५, ३९०. इथे फसगत सगळ्यांत जास्त. आकडे जवळजवळचे म्हणून मोटरीही सारख्या असतील असं वाटतं. ३७० चा डबा २४ मिमीचा आणि शाफ्ट २ मिमीचा; ३८०, ३८५, ३९० यांचा डबा पावणेअठ्ठावीस मिमीचा आणि शाफ्ट २.३ मिमीचा. तीन दशांश मिमी म्हणजे काहीच नाही असं समजून २ मिमीचं प्लास्टिक पिनियन (शाफ्टवर बसणारं छोटं दातेरी चाक) २.३ च्या शाफ्टवर ठोकलं की ते त्याच दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात उभं चिरतं. त्यामुळे खिशात डिजिटल व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तर या मोटरी घेऊ नका. प्लास्टिक पिनियनच्या पुड्यावर ‘८२ए’ असं काही लिहिलेलं असतं: ८ दात, २ मिमीचं भोक, ए म्हणजे घट्ट बसणारं. बी असेल तर ते सैल, मोकळं फिरण्यासाठी.

३८५ बद्दल मात्र चांगलं लिहायला हवं. कार्बन ब्रश, १२ व्होल्टवर आरामात चालते, आणि घरी पीसीबीला ०.८ किंवा १ मिमीची भोकं पाडायला पुरेशी. पितळी कॉलेट (शाफ्टवर बिट धरणारी पकड) घेताना २.३ च्या मापाचं मागा. ३.१७ चं कॉलेट कागद गुंडाळून बसवणारे लोक आहेत. मग बिट थरथरतं, कार्बाइडचं असेल तर पहिल्याच भोकाला तुटतं आणि तुकडा उडतो. चष्मा घाला. ‘आर-३८५’ नावाचा जो छोटा पाण्याचा पंप मिळतो त्याच्या मागेही याच मापाची मोटर आहे. पंप गळू लागला तरी मोटर पुष्कळदा चांगली निघते.

भंगारातली ३८५ नव्या मोटरीपेक्षा सरस निघते. जुन्या इंकजेट प्रिंटरमध्ये अशाच मापाच्या मोटरी असतात, पण त्यांची तार २४ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वरच्या पुरवठ्यासाठी गुंडाळलेली असते. १२ व्होल्टवर त्या संथ फिरतात म्हणून लोक ‘खराब’ म्हणून टाकून देतात. संथ, शांत आणि कमी करंटची मोटर हवी असेल तर नेमकी हीच घ्यावी. चोरबाजारात मिळाली तर शाफ्टवरचं पितळी पिनियन काढायची घाई करू नका, त्याच दातांचा पट्टा मिळाला तर काम आयतं होतं.

मोठ्या तिघी आणि ७७५ चं लेबल

५४०, ५५०, ५५५. तिन्हींचा व्यास सुमारे ३६ मिमी, शाफ्ट ३.१७५ मिमी म्हणजे अष्टमांश इंच, पुढची भोकं २५ मिमी अंतरावर एम-३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूची. ५४० ची लांबी ५०, बाकी दोघींची सुमारे ५७. हा अष्टमांश इंच लक्षात ठेवा: ३ मिमीचं कपलिंग त्यावर चढत नाही, आणि कानशीने शाफ्ट घासून चढवलं तर मध्य हलतो.

५४० रिमोटच्या शर्यती गाड्यांची. ५५० कॉर्डलेस ड्रिलची आणि मुलांच्या बॅटरीवाल्या जीपची. दोन्हींत तार जाड, वेढे कमी, रोध ओहमच्या छोट्या अंशाएवढा. १२ व्होल्टच्या २ अँपिअर अ‍ॅडॅप्टरवर लावली की अ‍ॅडॅप्टर बंद-चालू होत राहतो, कारण सुरू होतानाचा करंट कैक पट असतो. मोटर बिघडलेली नाही, पुरवठा तोकडा आहे. यांना बॅटरीच हवी. घरच्या टेबलावर अ‍ॅडॅप्टरने काहीतरी चालवायचं असेल तर ५५५ घ्या. ती बहुतेक वेळा जास्त वेढ्यांची, चार-सहा हजार फेऱ्यांची मिळते आणि तिच्यासाठी पुरवठा शोधत फिरावं लागत नाही. टेबल ड्रिल, छोटा ग्राइंडर, मातीकामाचं छोटं चाक (पट्ट्याने वेग उतरवून) यांना ती बरी.

७७५: व्यास ४२ मिमी, लांबी जवळपास ६७, शाफ्ट ५ मिमी, भोकं २९ मिमीवर एम-४. पुढे बऱ्याचदा बॉल बेअरिंग, मागे बुश (शाफ्ट टेकायची साधी धातूची नळी). मोटर म्हणून चांगली. लेबल म्हणून थापाडी. ‘२८८ वॉट’ लिहिलेलं असतं ते २४ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर एवढंच. म्हणजे आत जाणारी वीज, आणि तीही एवढ्या डब्यातून सतत जाऊ शकत नाही. आतला पंखा मोटरीच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे भार येऊन वेग उतरला की गारवाही जातो. नेमका हवा असतो तेव्हाच. तापलेल्या मोटरीत फेराइट चुंबकाचं बळ दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्यांनी घटतं. ५० अंश वाढले तर दहावा हिस्सा गेला. चुंबक कमजोर पडला की तेवढ्याच जोरासाठी जास्त करंट लागतो, त्याने ती आणखी तापते. म्हणून ७७५ ला हात लावून बघायची सवय ठेवा: तीन सेकंदांपेक्षा जास्त हात टेकवता येत नसेल तर थांबवा. आणि तिच्या शाफ्टवर थेट करवतीचं पातं लावून लाकूड कापायचे जे उद्योग चालतात, ते करू नका. पात्याला गार्ड नसतो, शाफ्ट आडवा जोर घ्यायला बनलेला नसतो, आणि १२,००० फेऱ्यांवर सुटलेलं पातं कुणाचं ऐकत नाही.

जाता जाता: ७१६, ८५२० अशा ड्रोनच्या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरींत आणि १०२७ या मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या बटनात आकडा खरोखर मिलिमीटरचा असतो. ७ बाय १६, साडेआठ बाय २०, १० बाय २.७. वरचा सगळा गोंधळ यांना लागू नाही. पण या ३ ते ३.७ व्होल्टच्या नाजूक वस्तू आहेत, सलग चालवायच्या नाहीत.

तार ओळखायची कशी

मल्टीमीटर थेट लावून छोट्या मोटरीचा रोध मोजता येत नाही. मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम त्यात मिसळतो. त्यापेक्षा ५ व्होल्टच्या चार्जरला १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आणि मोटर एकामागे एक जोडा. शाफ्ट चिमट्याने घट्ट धरा. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा, मोटरीवरचे मोजा. रेझिस्टरवर ४.६ आले तर करंट ०.४६ अँपिअर; मोटरीवर ०.४ उरले तर रोध ०.४ भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ०.८७ ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच-सहा वेळा मोजा, कारण तीन पोलच्या (आत तीन गुंडाळ्या असलेल्या) मोटरीत ब्रश कुठे टेकलाय त्यावर आकडा बदलतो. एखाद्या जागी आकडा एकदम वर गेला तर तिथे तार तुटली आहे किंवा कम्युटेटर जळलेला आहे. ती मोटर वापरू नका.

आता वापरायचे व्होल्ट भागिले हा रोध, म्हणजे अडल्यावरचा करंट. ड्रायव्हर (मोटरीला करंट पुरवणारी चिप) त्याच्यावर निवडायचा, चालतानाच्या करंटवर नाही. हे एवढं केलं तरी निम्मे जळके ड्रायव्हर वाचतील. एल२९३डी चॅनलला ०.६ अँपिअर सतत देतो. बीओ मोटर ६ व्होल्टवर अडली की एक अँपिअरच्या वर मागते, म्हणजे तो चटकन तापणार. एल२९८एन दोन अँपिअरचा, पण स्वतःच दोनेक व्होल्ट खातो: ६ व्होल्ट दिले तर मोटरीला ४ मिळतात आणि लाल बोर्डवरचा हीटसिंक फुकट तापतो. वर्गात सगळे तोच वापरतात म्हणून आपणही घ्यायचा, याला काही अर्थ नाही. बीओ आणि एन-२० साठी टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ घ्या. एकाच दिशेने फिरवायची मोठी मोटर असेल तर मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पुरे, पण आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर आयआरएफझेड४४ पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघडून जळतो. आयआरएलझेड४४ मागा. एका अक्षराचा फरक आहे, चिठ्ठीवर लिहून न्या. मोटरीला समांतर, उलटा, शॉटकी (चटकन काम करणारा) डायोड लावायचाच. १एन४००७ पीडब्ल्यूएमला संथ पडतो, १एन५८१९ एक अँपिअरपर्यंत ठीक, पुढे मोठा.

मोटर सुरू झाली की आर्डुइनो रिसेट होतो? ब्रशच्या ठिणग्या आणि पडणारा व्होल्टेज, दोन्ही कारणं असतात. १०४ क्रमांकाचे तीन सिरॅमिक कपॅसिटर घ्या: एक दोन टोकांत, बाकीचे प्रत्येक टोकापासून डब्याला. डब्यावर डाग बसायला आधी पॉलिश पेपरने पत्रा खरवडा. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरीला लावू नका. तिचा आतला रोधच मोटरीपेक्षा जास्त. मोकळी असताना ९ दाखवते, चाक टेकलं की निम्म्यावर येते. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल स्वस्तही पडतात आणि करंटही देतात.

बसवताना

पिनियन ठोकताना मोटर टेबलावर उभी ठेवून हातोडी मारली की आर्मेचर (आतला तार गुंडाळलेला फिरता भाग) मागे सरकतं, मागचं प्लास्टिकचं झाकण फुगतं आणि ब्रश वाकतात. मागे डोकावणारं शाफ्टचं टोक लोखंडी ठोकळ्यावर टेकवून मग व्हाइसमध्ये हळू दाबा. जोर शाफ्टमधून जायला हवा, डब्यातून नाही. ५४० वर्गाला एम-३ चा लांब स्क्रू लावला तर तो आत आर्मेचरच्या तारेला टेकतो, शॉर्ट होतो; पत्र्याची जाडी धरून आत तीन-चार मिमीच जाईल असा स्क्रू घ्या. एम-२ आणि एम-२.५ चे स्क्रू लॅमिंग्टन रोडवर धड मिळाले नाहीत तर नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. टोकांना डाग तीन सेकंदांत उरकायचा, नाहीतर झाकणाचं प्लास्टिक मऊ होऊन ब्रशची जागा हलते. नवी कार्बनवाली मोटर निम्म्या व्होल्टवर, भाराशिवाय, अर्धा तास चालवा. ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर बसतात आणि ठिणग्या कमी होतात. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली मोटर शाफ्टपासून गंजायला लागते. सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत ठेवा, आणि लोखंडी कीस पडतो त्या टेबलापासून लांब. चुंबक तो आत ओढून घेतो.

गणपतीच्या आरासातल्या फिरत्या चक्राला १० आरपीएमची १२ व्होल्टची धातूच्या गिअरवाली मोटर घेतात ते बरोबर, पण ती ६ व्होल्टवर चालवा. दहा दिवस, रोज सोळा तास धरले तर १६० तास होतात. अर्ध्या व्होल्टवर ठिणग्या कमी आणि आवाजही आरतीत ऐकू येणार नाही इतका. त्यासाठी अर्थातच २० आरपीएमची घ्यावी लागेल. वेग बदलायचा नसेल आणि वायरिंग जाणकाराकडून होणार असेल तर मायक्रोवेव्हच्या तबकडीखालची २३० व्होल्टची सिंक्रोनस मोटर याहून सरस, तिला ब्रशच नाहीत. फक्त ती सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल ते तिच्या मर्जीवर. चक्राला चालेल, मोराला उलटं नाचायला लावणं बरं दिसत नाही.

खरेदीला जाताना व्हर्निअर, चार सेलचा होल्डर, मगरचिमट्याच्या दोन वायरी आणि मल्टीमीटर एवढं घेऊन जा. काउंटरवर मोटर दोन्ही दिशांनी फिरवा, मोकळा करंट बघा, शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बुशमधला खेळ तपासा, शाफ्टचं टोक गरगरताना डोलतंय का ते पाहा. विकणारे हे करू देतात. पैसे दिल्यावर मात्र मोटर सहसा परत घेत नाहीत, म्हणून तपासणी पिशवीत टाकायच्या आधी. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. गणपतीच्या आधीचा आठवडाही टाळा, तेव्हा काउंटरवर मोटर तपासत उभं राहायला जागाच मिळत नाही.